तरसवाल्या प्रमिलाकाकू

आमच्या वडनेरच्या प्रमिलाकाकूंनी आयुष्यात किती माणसं मारली, याचा अंदाज त्यांनाही नसावा. कोणाला विहिरीत ढकललं, कोणाला हळदीच्या दुधातून औषध दिलं, एकाला तर भर खळ्यात मळणी यंत्रापाशी बोलावून घेतलं. हे सगळं कागदावर. पण आमच्या गावात कागदावरचं मरण आणि खरं मरण यात लोक फार फरक करत नाहीत. काकू रस्त्यानं निघाल्या की किराणावाला उठून उभा राहायचा. त्याचा चुलतभाऊ पूर्वी त्याच गल्ल्यावर बसायचा आणि सुट्टे नसले की चॉकलेट द्यायचा. काकूंनाही द्यायचा. एका वर्षीच्या दिवाळी अंकात त्याच्याच नावाचा, त्याच्यासारखाच नाकात बोलणारा एक दुकानदार मधल्या प्रकरणात मेला. चुलतभाऊ अजून धडधाकट आहे, नांदुऱ्याला राहतो, पण आता चॉकलेट कोणाला देत नाही.

माझं फाट्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. महामार्गावरच्या बस माझ्या पायरीसमोर थांबतात, म्हणून गावात कोण आलं, कोण गेलं, हे मला सरपंचाच्या आधी कळतं. काकूंचं अक्षर इतकं गिचमिड की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. म्हणून त्या दुपारी दुकानात येऊन बसायच्या, तोंडात ओव्याची चिमूट टाकायच्या आणि सांगायला लागायच्या. मी टाइप करायची. गिऱ्हाईक असलं तरी त्या थांबत नसत. सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलेला माणूस "अन् मंग त्यानं मागून तिच्या मानंवर हात ठेवला" इथपर्यंत ऐकून जागीच खिळायचा आणि त्याची बस निघून जायची. कंडक्टर मला बोल लावायचे.

दिसायला काकू बुटक्या, गोल, कपाळावर रुपयाएवढी टिकली. विठ्ठलकाका गेले तेव्हा गल्लीतल्या एका बाईनं टिकलीबद्दल विचारलं. काकू म्हणाल्या, "माहा नवरा गेला, कपाळ नाई गेलं." ती बाई पुढच्या कादंबरीत पहिल्याच पानावर मेली. तिनं अंक विकत घेतला आणि माहेरी दाखवायला घेऊन गेली.

विठ्ठलकाका असताना एकदा काकू कृषी केंद्रात गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "पहिलवान गडी हाय. हातातला चहा थंडा व्हायच्या आत पडला पाहिजे. काय देऊ?" दुकानदारानं घाम पुसला, आत गेला आणि काकांना फोन लावला. काका शेतात होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माहिती दे. माल नको देऊ." असा नवरा मिळाला म्हणून त्यांचं लिखाण झालं, असं मला नेहमी वाटतं.

लग्नाकार्यात काकूंचा मान वेगळा असायचा. पुढची खुर्ची, पहिली पंगत, जाताना डबा. काकूंना पत्रिका गेली नाही तर वरबाप दिवाळीपर्यंत टिकत नाही, हे पंचक्रोशीत ठाऊक होतं. आणि त्यांच्या प्रत्येक कादंबरीत मुडदा सापडायचा तो तरसामुळे. नाल्यात तरस हुंगत असायचं, गुराखी ओरडायचा, फौजदार यायचा. तरसाचं वर्णन ठरलेलं: हिडीस, भेकड, मागून खाली बसलेलं, मेलेल्यांवर जगणारं. मी तर त्या तीन ओळी संगणकात वेगळ्या काढूनच ठेवल्या होत्या, दर वेळी तिथून उचलून चिकटवायची.

मग माधुरीला दिवस गेले.

माधुरी म्हणजे काकूंची लेक. जावई सौर पंपांच्या कंपनीत, आणि कंपनीनं त्यांना पाठवलेलं केनियात, तेही मोठ्या शहरात नाही, रानालगतच्या एका लहानशा गावात. बाळंतपणाला आई गेली पाहिजे, यात दुमत नव्हतं. काकू निघाल्या. डिंक, खारीक, मेथी, अळीव, कुरडया, शेकायची शेगडीसुद्धा. मुंबईच्या विमानतळावर शेगडी काढून घेतली, त्याचा राग त्यांनी पुढे बरेच दिवस धरला. जाताना मला म्हणाल्या, "मंगे, सवा महिन्यानं येतो. आठवं प्रकरण तसंच ठेव, त्याले अजून मारायचं हाय." बाळाचं बारसं झालं, दात आले, पोरगं शाळेत जायला लागलं. आठव्या प्रकरणातला तो इसम माझ्या संगणकात अजून जिवंत आहे.

झालं होतं असं. एका सकाळी काकू अंगणात बाळाला तेल लावत होत्या. कुंपणापलीकडून तरसाची एक मादी चालली होती, तोंडात पिल्लू. ते पिल्लू तिनं रस्त्याच्या मोरीत ठेवलं आणि परत गेली, दुसरं आणायला. दोन नर लांब बसून पाहत होते. एक थोडा पुढे सरकला, तर तिनं नुसतं वळून पाहिलं आणि तो गप मागं जाऊन बसला. काकूंचा तेलाचा हात थांबला. त्या गावात प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींचं एक ठाणं होतं. काकू दुसऱ्या दिवशी नातवाला कडेवर घेऊन तिथं गेल्या आणि चौकशी करून आल्या. संध्याकाळी मला व्हॉट्सॲपवर आवाज आला. मी दुकानात गर्दी असतानाच लावला, ती माझी चूक.

"मंगे, आयक. हे आपल्याकडचं पट्ट्याचं तरस नोहे, हे ठिपक्याचं. इथं बाईचं राज्य हाय. शिकार झाली का आधी सासू जेवते, मंग तिच्या पोरी, मंग नातवंडं. नवरे मंडळी उरलं तं खातात, नाई तं बसतात. लेकीले आईचा मान वारशानं भेटते. अन् या बाया शिकार सोता करतात, बे. सोता. मी तिकडं जल्मभर ह्यायची बदनामी करून राह्यली होती."

दुकानातली गिऱ्हाइकं माझ्या फोनकडं बघत होती. मग एक म्हातारा, आधारच्या प्रती घ्यायला आलेला, हळूच म्हणाला, "आमच्या घरी बी असंच हाय."

त्या दिवसापासून काकू ठाण्यावरच्या गाडीतून फिरायला लागल्या. आधी नातू झोपला की, मग नातवाला घेऊन, मग नातवाला माधुरीकडे टाकून. ती मुलं तरसांना आकड्यांनी ओळखत. काकूंना ते पटेना. प्रत्येकीच्या अंगावरचे ठिपके वेगळे, तर नावं काऊन नको? त्यांनी सगळ्या कळपाला वडनेरची नावं दिली. कळपाची जी मुख्य सासू, तिचं नाव मथुराबाई. आमच्या गल्लीत सगळ्यांत जुनं खोड म्हणजे मथुराबाई, नव्वदीच्या आसपास, अजून दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतात. "मथुराबाईले जुळं झालं" असा आवाज आला तेव्हा मी ती बातमी गल्लीत सांगितली. खऱ्या मथुराबाईंनी ऐकलं, विचार केला आणि म्हणाल्या, "पेढे कोण वाटन मंग?" पेढे मलाच आणावे लागले.

मला रागही यायचा, खोटं कशाला सांगू. माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या होत्या. लग्नपत्रिका टाइप करण्यात काय मजा, त्यात कोणी मरत नाही. पण आवाज आला की पुन्हा हसू यायचं. काकू तिकडची भाषा शिकल्या नाहीत. त्यांनी त्या लोकांना आपली शिकवली. वस्तीवरचे मसाई गुराखी गाडी दिसली की "काऊन बे", म्हणजे "का रे", असं ओरडतात, हे त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या.

एका दिवाळीच्या तोंडावर आवाज आला. काकू म्हणाल्या, "मथुराबाई गेली, मंगे." मेलेल्या बकरीवर विष टाकून ठेवलेलं होतं. मथुराबाईनं खाल्लं, तिच्या लेकीनं खाल्लं, वरून उतरलेल्या गिधाडांनी खाल्लं. सगळी तिथंच पडलेली. मी खऱ्या मथुराबाईंना सांगावं की नाही या विचारात होते, पण गल्लीत काही लपत नाही. त्या उठल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "माह्या नावाची होती, बाप्पा."

विष टाकलं होतं लेमायान नावाच्या गुराख्यानं. काकू त्याच्या दारात गेल्या त्या भांडायलाच. कादंबरीत याला कसं मारायचं तेही वाटेत ठरवलं होतं. तर तो आणि त्याची बायको बकऱ्यांच्या वाड्याचं तुटलेलं काटेरी कुंपण बांधत होते. सोबत माधुरी होती, थोडी तिकडची बोली येणारी. लेमायाननं काकूंना काहीच विचारलं नाही. तरसांनी नेलेल्या बकऱ्यांची नावं तो एकेक करून सांगायला लागला. लेकीच्या शाळेसाठी पाळलेल्या होत्या. काकू खाली बसल्या. मला नंतर म्हणाल्या, "त्याच्या बकरीले नाव, माह्या तरसाले नाव. भांडू कोणासंग?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. काकूंना भाऊ नव्हता. आईवडील लवकर गेले, चुलत्यांनी लग्न लावून दिलं आणि हात झटकले. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी असलेल्या लेकींना न्यायला माहेरून मुऱ्हाळी येतो, बहुधा भाऊच. आंब्याच्या रसाचे दिवस, झोके बांधलेले, सगळी गल्ली बायकांनी रिकामी होते. काकूंना न्यायला कधी कोणी आलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

तर भाऊबीजेच्या सकाळी काकू ताट घेऊन लेमायानच्या दारी गेल्या. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, आणि माधुरीनं केलेल्या करंज्या. त्याला पाटावर बसवायचं तर पाट नव्हता, म्हणून पाण्याच्या पालथ्या कॅनवर बसवलं. त्याचे गुडघे कानापर्यंत आले. त्याची आई, बायको, पोरं, शेजारी, सगळी बघायला. काकूंनी त्याला ओवाळलं आणि ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. तो त्यांच्याकडे पाहतोय, त्या त्याच्याकडे. माधुरीनं समजावलं, बहिणीनं ओवाळलं की भावानं ताटात काहीतरी टाकावं लागतं. तो म्हणाला, काय टाकू? काकू म्हणाल्या, "डबा टाक. ज्यातलं मथुराबाईले घातलं तो."

लेमायान आत गेला. बराच वेळ आला नाही. मग विषाचा डबा घेऊन आला आणि ताटात ठेवला. ताट एका बाजूला कललं आणि करंज्या खाली पडल्या. पोरांनी त्या उचलून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तो काकूंच्या अंगणात एक पाट आणून बांधून गेला. पाट म्हणजे आमच्याकडं वर्षभराची, अजून न व्यालेली शेळी. त्यांच्यात दिलेल्या जनावरावरून नातं पक्कं होतं, असं माधुरीनं सांगितलं. काकूंनी लेमायानचं नाव लिंबाजी ठेवलं.

आता भाऊ झाला म्हटल्यावर त्याच्या बकऱ्यांची काळजी काकूंवर आली. त्यांना आठवलं आपल्याकडचं. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं शेतात शिरू नयेत म्हणून आम्ही बांधाला जुन्या साड्या बांधतो. वाऱ्यानं हलल्या की जनावर बिचकतं. मला फर्मान सुटलं. मी गल्लोगल्ली फिरून साड्या गोळा केल्या, कंपनीचे लोक जायचे त्यांच्या सामानात गठ्ठे घातले. लिंबाजीच्या वाड्याला चहूबाजूंनी वडनेरच्या साड्या लागल्या. पुढच्या आठवड्यात आवाज आला: "मंगे, तरस काई आलं नाई. पण बकऱ्यायनं कुंपण खाल्लं. काठापदरासकट." उरलेल्या साड्या वस्तीतल्या बायकांनी काढून घेतल्या आणि खांद्यावर पांघरल्या. फोटो आला. उंच, सरळ बायका, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि अंगावर आमच्या गल्लीचं कपाट. माझी सासू चष्मा लावून फोटो पाहत होती. म्हणाली, "ती हिरवी माही हाय. मी तिले फाटकी समजून दिली होती, काय चांगली दिसून राह्यली."

शेवटी जावयाच्या कंपनीकडून दिवे आले, जाळी आली, आणि लिंबाजीचा वाडा पक्का झाला. पण बाकीच्या वस्त्यांवर विष होतंच. तिथं काकूंनी जे केलं ते केवळ दिवाळी अंकात आयुष्य काढलेल्या बाईलाच सुचावं. बाभळीखाली बायका जमायच्या, तिथं त्यांनी रहस्यकथा सांगायला सुरुवात केली. शाळेतली एक मास्तरीण इंग्रजीतून तिकडच्या बोलीत सांगायची. माधुरी मराठीतून इंग्रजीत. एवढ्या वळणांतूनही गोष्ट टिकायची. एका श्रीमंत गुराख्याचा मुडदा, सात संशयित, एक शहाणी तरसीण. आणि दर वेळी काकू अशा जागी थांबायच्या की बायकांच्या तोंडातून आवाज फुटायचा नाही. पुढचं कधी? काकू म्हणायच्या, महिनाभर तुमच्या वस्तीत विष पडलं नाही तर. पडलं, तर गोष्ट बंद, खुनी मी सोबत घेऊन जाईन. मग त्या वस्तीतल्या नवऱ्यांचं काय होत असेल, याची कल्पना मला माझ्या दुकानात बसून करता येत होती. लिंबाजीनं एकदा सांगितलं म्हणे, की त्याची बायको रोज त्याच्या हातांचा वास घेते.

अशी ती बाई. आणि मग काकू स्टुलावरून पडल्या. तरसामुळे नाही, आकाशकंदील लावताना. गुडघा गेला. शस्त्रक्रियेसाठी सुनीलनं त्यांना घरी आणलं.

सुनील म्हणजे काकूंचा मुलगा, गावात शेती करतो. सज्जन माणूस, शब्द कमी. आईला अकोल्याला नेऊन गुडघा करून आणला, रात्रंदिवस केलं. त्याच्या बायकोनं, वैशालीनं, तर जेवणाचं ताट खाटेवर दिलं. पण काकू काठीशिवाय चालायला लागल्या आणि परत जायची भाषा करायला लागल्या, तेव्हा सुनील म्हणाला, "आता पुरे, आई." मला तो एकदा दुकानात म्हणाला, आणि त्याला एवढं बोलताना मी प्रथमच ऐकलं. "मंगे, कोण्याही लग्नात गेलो का लोक इचारतात. आई तिकडं तरसाईत काऊन राह्यते? पोरगा पाहत नाई का? सून बरोबर नाई का? वैशाली घरी येऊन रडते. मी काय सांगू लोकायले?" त्याचंही खरंच होतं. लेकाचं घर सोडून आई परदेशात जंगलात राहते, याला आमच्याकडं नावच नाही. बाळंतपणाला गेली हे सांगून किती वर्षं चालवणार?

काकू भांडल्या नाहीत, हे मला फार लागलं. त्या नुसत्या ओसरीवर बसायला लागल्या. मी म्हटलं, काकू, आठवं प्रकरण पडलंय, चला मारू त्याला. त्या म्हणाल्या, "जगू दे, मंगे." तिकडून माधुरीचे फोन यायचे. बायका विचारत होत्या, खुनी कोण? गोष्ट अर्ध्यावर होती. एका वस्तीत डबे पुन्हा बाहेर निघाल्याची कुजबुज होती. माधुरी म्हणाली, फोनवर सांग ना. काकू म्हणाल्या, "फोनवर खून होत नसते."

आखाजीच्या आठ दिवस आधीची दुपार. ऊन असं की डांबर चपलेला येत होतं. नागपूरकडून आलेली बस थांबली आणि तिच्यातून एक माणूस वाकून उतरला आणि मग सरळ होत गेला, होतच गेला. पँट-शर्ट, खांद्यावर लाल चौकडीचं कापड, एका हातात काठी, दुसऱ्यात संत्रा बर्फीचा बॉक्स. तो सरळ माझ्या पायरीवर आला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मंगे?"

माझ्या हातातला कागद यंत्रात वाकडा गेला.

"मी लिंबाजी," तो म्हणाला. "माही बहीण कुठं हाय?"

नागपुरात रानालगत राहणाऱ्या लोकांची काहीतरी सभा होती, त्यात ठाण्यानं त्याला पाठवलं होतं. सभा झाल्यावर तो विचारत विचारत बसमध्ये बसला. मी दुकान उघडंच टाकून निघाले. आमच्यामागं अर्धं गाव. वाटेत पोरं विचारत होती, क्रिकेटवाला का? त्याला मात्र ऊन सोसत नव्हतं. आफ्रिकेतून आलेला माणूस म्हणून लोक त्याला कौतुकानं उन्हातून नेत होते, आणि तो बिचारा सावली शोधत होता. त्यांच्याकडं एवढी गरमी नसतेच, असं तो मोडक्या इंग्रजीत मला सांगत होता, मीही माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याची माफी मागत होते.

मथुराबाई दाराशी बसल्या होत्या. मी ओळख करून दिली. लिंबाजी वाकला. मथुराबाईंनी मान वर, आणखी वर केली. "तूच मारलं का मले?" लिंबाजीला नाव कळलं आणि प्रश्नही कळला असावा. त्यानं मान खाली घातली. "हाव." मथुराबाईंनी शेजारची काठी हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं. जेवून घे," आणि काठी टेकत आमच्याबरोबर निघाल्या.

काकूंनी त्याला पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "काऊन बे, आला?" मग आत जाऊन उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन. काकूंना डोक्यावर पदर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सुनीलनं पाहुण्याला कूलरसमोर बसवलं, वैशालीनं पाणी दिलं. ओसरी माणसांनी भरली. सुनीलनं विचारलं, कसं काय येणं केलं?

लिंबाजीनं ग्लास खाली ठेवला. माधुरीनं शिकवलेलं तो वाटभर पाठ करत आला असणार. "आखाजी हाय," तो म्हणाला. "मी मुऱ्हाळी हाय. बहिणीले घ्यायले आलो."

ओसरीवर आधी कोणाला कळेना, मग सगळ्यांना एकदम कळलं. बायकांमध्ये लाटच उठली. कोणी हसत होतं, कोणी डोळ्याला पदर लावत होतं. सुनील लाल झाला. "असं नसते, भाऊ," तो म्हणाला.

"काऊन नसते?" मथुराबाई म्हणाल्या. "त्यानं ओवाळून घेतलं, ओवाळणी टाकली. भाऊ हाय. आखाजीले भाऊ आला तं बाईले धाडा लागते. तुह्या बापानं बी माह्या पोरीले धाडलं असतं." हा शेवटचा मुद्दा कोणाला समजला नाही, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.

मग सुनीलनं लिंबाजीलाच विचारलं. "तिले तिकडं काई झालं तं?"

त्याचं मी इंग्रजी केलं, जमेल तसं. लिंबाजीनं उत्तर दिलं, काही इंग्रजीत, काही आमच्याच बोलीत. तो म्हणाला, माझी आई अलीकडंच माझ्या हातात गेली, मला सगळं करता येतं. म्हातारं माणूस जमिनीवर बसत नाही हे मला ठाऊक आहे, तिच्यासाठी खुर्ची केली आहे. पडली तर उचलीन. आणि काही झालं, तर मी तुला बोलावीन. "तू येशील. तुहं मामाचं घर हाय तिथं."

सुनील त्याच्याकडं पाहत राहिला. त्याच्यापेक्षा वयानं लहान, पण दीड हातानं उंच असा मामा. सुनीलला मामा नव्हताच कधी. शाळेत सुट्टी लागली की सगळी पोरं मामाच्या गावाला जायची आणि हा फाट्यावर बस मोजत बसायचा, ते मला आठवतं, आम्ही एका वर्गात होतो. त्यानं उठून आत पाहिलं, मग वैशालीला म्हणाला, "पुरण टाक. मामाले जेवू घाला लागते."

माधुरीनं तिकडून तिकीट काढेपर्यंत लिंबाजी आठवडाभर राहिला. घरोघरी जेवला. आंब्याचा रस त्यानं पहिल्यांदा संशयानं चाखला आणि मग वाटी सोडून पातेल्याकडं पाहिलं. रिवाजाप्रमाणं मुऱ्हाळ्याला टॉवेल-टोपी दिली. टोपी डोक्यावर वरच्यावर बसली. मी काकूंना विचारलं, गोष्टीतला खुनी कोण आहे, मला तरी सांगा. त्या म्हणाल्या, "मले बी माहीत नाई अजून. बायकायची तोंडं पाहूनच सुचते."

निघायच्या दिवशी सगळी गल्ली फाट्यावर आली. वैशालीनं काकूंची ओटी भरली. लिंबाजी टोपी घालून उभा होता. मलकापूरची बस आली. सुनीलनं आईची बॅग खांद्यावर घेतली होती, ती तो दुसऱ्या कोणाला देईना. बसमधून उतरणाऱ्यांत शेंबा गावचा एक ओळखीचा शेतकरी होता. त्यानं ही गर्दी पाहिली, तो उंच माणूस पाहिला आणि मोठ्यानं विचारलं, "काऊन बे सुनील, आई पुन्हा चालली का त्या तरसाईत?"

सगळ्यांनी ऐकलं. वैशालीनं मान खाली घातली. काकू तोपर्यंत खिडकीशी बसल्या होत्या, काच उघडी होती. सुनीलनं बॅग पायरीवरून आत सरकवली, हात झटकले आणि वळला.

"माहेरी चालली," तो म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की हळू झालं, म्हणून पुन्हा म्हणाला, कंडक्टरला, ड्रायव्हरला, बसमधल्या लोकांना ऐकू जाईल असं. "आई माहेरी चालली आखाजीले. मामा घ्यायले आला."

सासरी जाताना बाया रडतात, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माहेरी जाताना कोणी रडत नाही, तेव्हा तर बाईला पाय जमिनीवर ठेवायला फुरसत नसते. काकू खिडकीत बसून ढसढसा रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या, आणि शेजारी टोपीवाला लिंबाजी गोंधळून कधी त्यांच्याकडं, कधी आमच्याकडं पाहत होता. बस मलकापूरच्या वाटेला लागली.